शेणात पाहावं की शेंबडात?

गोठ्यातला बैल उभ्या उभ्या घोरू लागतो. नाकातून पिवळसर, मधूनच रक्त मिसळलेला शेंबूड गळतो. मालक आधी सर्दी समजून थांबतो, मग जंताचं औषध पाजतो. शेण तपासायला नेलं तर अहवालात काहीच निघत नाही, कारण या बैलाला बेजार करणाऱ्या कृमीची अंडी शोधायची असतात ती शेंबडात.

हा शिस्टोसोमा नेझाल. मद्रास इलाख्यातल्या गुरांमधून 1933 मध्ये एम. अनंत नारायण राव यांनी त्याचं वर्णन केलं. नर-मादीची जोडी नाकाच्या अस्तराखालच्या शिरांत राहते. मादीने घातलेली अंडी तिथेच रुततात, त्यांच्याभोवती शरीर गाठी तयार करतं आणि फुलकोबीसारख्या वाढलेल्या त्या गाठी श्वासाची वाट अडवतात. म्हशीलाही हा कृमी होतो, पण तिच्यात लक्षणं क्वचितच दिसतात. त्यामुळे एकाच तळ्यावर बैल घोरत येतो आणि ठणठणीत दिसणारी म्हैस मात्र पाण्यात अंडी सोडत राहू शकते.

शेंबडातून अंडं बाहेर काढायची रीत सोपी आहे. स्राव परीक्षानळीत घेऊन त्यात 10 टक्के कॉस्टिक सोड्याचं द्रावण घालायचं आणि गरम करायचं. चिकटपणा विरघळला की तळाशी बसलेला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. मध्ये फुगीर, एका बाजूला वाकलेलं, टोकाला काटा असलेलं बूमरँगच्या आकाराचं अंडं दिसतं. ते एकदा पाहिलं की पुन्हा ओळखायला चुकत नाही.

शेणाची तपासणी उपयोगी पडते ती दुसऱ्या दोन कृमींसाठी, आणि तीही योग्य पद्धतीने केली तरच. गोल जंतांसाठी शेण मिठाच्या संपृक्त द्रावणात कालवून वर तरंगणारी अंडी टिपतात. चपट्या कृमींची अंडी जड असल्याने त्या द्रावणात ती तरंगत नाहीत. त्यासाठी शेण साध्या पाण्यात कालवून गाळायचं, उंच ग्लासात स्थिर ठेवायचं, वरचं पाणी हलकेच ओतून नवं घालायचं आणि पाणी नितळ होईपर्यंत हेच करत राहायचं. शेवटी मिथिलिन ब्लूचा एक थेंब टाकला की चाऱ्याचे कण निळे होतात. त्या निळ्यात सोनेरी पिवळं अंडं दिसलं तर यकृतातला फॅसिओला. तशाच आकाराचं पण रंगहीन, पारदर्शक दिसलं तर कोठीपोटातला अँफिस्टोम.

आपल्याकडच्या मैदानी भागात आढळतो तो फॅसिओला जायगँटिका. पानासारखा चपटा, लांबीला साडेसात सेंटिमीटरपर्यंत जाणारा हा कृमी पित्तनलिकेत राहतो. जनावर खंगतं, रक्त कमी होतं, जबड्याखाली पाणी उतरतं. पण तो पोटात गेल्यापासून अंडी घालू लागेपर्यंत तीन-चार महिने जातात, आणि या काळात यकृत पोखरलं जात असलं तरी शेणात काही सापडत नाही.

अँफिस्टोम याहून फसवा आहे. मोठे झालेले कृमी कोठीपोटाच्या भिंतीला चिकटून राहतात आणि फारसा त्रास देत नाहीत. घात करतात ती पिल्लं. लहान आतड्याच्या सुरुवातीलाच ती हजारोंनी रुतून बसतात, वासराला दुर्गंधी हगवण लागते आणि ते दगावतंही. तरीही शेणात अंडी नसतात, कारण ती घालण्याच्या वयाचं कुणी झालेलंच नसतं. अशा वेळी पातळ शेण बारीक चाळणीवर धुऊन भिंगातून पाहावं. त्यात इवले गुलाबी कृमीच मिळू शकतात.

या कृमींची नेमकी जात सांगणं हे तर निष्णात हातांचं काम. फॅसिओला दोन काचांत दाबून, कारमाइनने रंगवला की त्याची आतली रचना उलगडते. अँफिस्टोम मांसल आणि जाड असल्याने हे त्याच्या बाबतीत जमत नाही. त्याचा काप बरोबर मध्यरेषेतून घ्यावा लागतो. तिरका गेला की नमुना वाया. मग त्या कापातली घशाची, जननछिद्राची आणि मागच्या चूषकाची स्नायूरचना ताडून जात ठरते. नेसमार्क यांनी 1937 मध्ये घालून दिलेली ही पद्धत डीएनए चाचण्यांच्या काळातही टिकून आहे, आणि ती येणारी माणसं घडवणं मला यंत्रखरेदीइतकंच निकडीचं वाटतं.

ओळख पटवण्यावर इतका भर देण्याचं कारण औषधात आहे. गोचिडांपासून गोल जंतांपर्यंत सर्रास टोचलं जाणारं आयव्हरमेक्टिन या तिघांपैकी एकावरही चालत नाही. ट्रायक्लाबेंडाझोल यकृतातल्या लहान-मोठ्या फॅसिओलावर चालतं, पण अँफिस्टोमवर नाही. तिथे ऑक्सिक्लोझानाइड लागतं. जंत कोणता हे न पाहता पाजलेल्या बाटलीने पैसे जातात आणि जनावराचे मोलाचे दिवसही जातात.

या तिघांना जोडणारा दुवा म्हणजे गोड्या पाण्यातली गोगलगाय. तळ्यातल्या गोगलगाई काचेच्या भांड्यात स्वच्छ पाण्यात घालून उजेडात ठेवल्या, तर बाधित गोगलगाईतून बारीक पोहणाऱ्या अळ्या बाहेर पडतात. शेपटी टोकाला दुभंगलेली असेल तर अळी शिस्टोसोमाच्या कुळातली असू शकते. शेपटी सरळ आणि डोळ्यांसारखे दोन काळे ठिपके असतील तर बहुधा अँफिस्टोमची. हे पाणी हाताळताना रबरी हातमोजे घालावेत. गुरांच्या शिस्टोसोमाच्या अळ्या माणसाच्या कातडीतही घुसतात. तिथे त्या मरून जातात, पण पुरळ आणि खाज मागे ठेवतात. भातलावणीनंतर ज्यांच्या पोटऱ्या खाजतात, त्यांच्या बांधावरच्या गोगलगाई एकदा तपासायला हव्यात.