अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल : परिषदांची पुनर्रचना, दूरचित्रवाणीचा पैसा आणि प्रशिक्षकांची अदलाबदल

प्रस्तावना

अमेरिकेतील 'बिग टेन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्रीडा परिषदेचे १९८७ पर्यंतचे अधिकृत नाव 'प्राध्यापक प्रतिनिधींची आंतरमहाविद्यालयीन परिषद' अशा अर्थाचे होते. १८९५ मध्ये मध्य-पश्चिम भागातील सात विद्यापीठांचे अध्यक्ष शिकागो येथे एकत्र आले, ते खेळाडूंची पात्रता ठरविण्याचा आणि खेळावर देखरेख ठेवण्याचा अधिकार अध्यापक वर्गाकडे असावा या विचाराने. आज त्याच परिषदेत अठरा विद्यापीठे आहेत. त्यांपैकी एक अटलांटिक किनाऱ्याजवळील न्यू जर्सीत, तर चार प्रशांत महासागराच्या बाजूला आहेत. कोणत्या विद्यापीठाने कोणाबरोबर खेळावे, हे आता प्रामुख्याने दूरचित्रवाणी वाहिन्यांच्या करारांवरून ठरते. अध्यापकांच्या देखरेखीसाठी जन्मलेली व्यवस्था शतकभरात प्रक्षेपण हक्कांची बाजारपेठ कशी झाली आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पनांचे स्पष्टीकरण

येथे 'फुटबॉल' म्हणजे आपल्याकडे खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. तो अमेरिकेत 'सॉकर' म्हणून ओळखला जातो. अमेरिकन फुटबॉल हा लंबगोल चेंडू हातात घेऊन पळण्याचा व फेकण्याचा खेळ असून त्याचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाल्याचे मानले जाते. त्याचप्रमाणे 'परिषद' म्हणजे चर्चासत्र नव्हे. एकमेकांशी नियमितपणे सामने खेळणाऱ्या, अजिंक्यपद ठरविणाऱ्या आणि उत्पन्न वाटून घेणाऱ्या विद्यापीठांचा तो गट होय. परिषदा मुळात भूगोलावर उभ्या होत्या. संघ रेल्वेने वा बसने जाऊन परत येतील आणि विद्यार्थ्यांचे वर्ग फारसे बुडणार नाहीत, इतक्या अंतरावरील विद्यापीठे एका गटात असत. या परिषदांच्या वर १९०६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय संघटना, म्हणजे नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन (एनसीएए), आहे.

१९८४ चा निर्णय : एका मक्तेदारीचा अंत

दूरचित्रवाणीवर सामने दिसू लागले तर प्रेक्षक मैदानाकडे पाठ फिरवतील, अशी भीती १९५० च्या सुमारास विद्यापीठांना वाटत होती. म्हणून एनसीएएने प्रक्षेपणाचे नियंत्रण स्वतःकडे घेतले. कोणत्या आठवड्यात किती सामने दाखवायचे आणि एखादा संघ दोन वर्षांत जास्तीत जास्त किती वेळा पडद्यावर यायचा, हे सर्व संघटना ठरवीत असे. ज्यांच्या सामन्यांना मोठी मागणी होती, त्या विद्यापीठांना हे बंधन जाचक वाटू लागले. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया येथील विद्यापीठांनी न्यायालयात धाव घेतली. २७ जून १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने एनसीएएची योजना मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारी ठरविली. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी लिहिला. स्वतः महाविद्यालयीन फुटबॉल गाजविलेले न्यायमूर्ती बायरन व्हाईट यांनी विरोधी मत नोंदविले. या बंधनांमागे शिक्षण आणि हौशी खेळ यांचे रक्षण करण्याचा हेतू आहे, त्यामुळे त्यांना निव्वळ व्यापारी करारांच्या मोजपट्टीने मोजणे योग्य नाही, असा त्यांच्या मताचा आशय होता.

भारतीय वाचकास येथे १९९५ च्या क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगाल खटल्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपण लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून तिच्यावर सरकारी मक्तेदारी असू शकत नाही, असे म्हटले. दोन्हीकडे मक्तेदारी संपताच हक्कांचे मूल्य वाढत गेले. मात्र एक मूलभूत फरक आहे. आपल्याकडे तो पैसा क्रिकेट मंडळाकडे गेला, अमेरिकेत तो विद्यापीठांच्या दारात येऊन उभा राहिला.

पुनर्रचनेच्या लाटा

हक्क विकण्याची मुभा मिळाली, तरी एकेकट्या विद्यापीठापेक्षा गटाने विक्री करणे अधिक फायद्याचे होते. म्हणून विक्रीचा अधिकार हळूहळू परिषदांकडे एकवटला. अपवाद नोत्र दाम विद्यापीठाचा. त्याने एनबीसी वाहिनीशी स्वतंत्र करार केला व १९९१ पासून त्याचे घरच्या मैदानावरील सामने तेथे दिसू लागले. एकदा परिषद ही विक्री करणारी संस्था झाली की तिच्या सभासदत्वाचा अर्थही बदलतो. शेजारी कोण, यापेक्षा कोणाच्या प्रवेशाने कराराची रक्कम वाढेल, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. १९९२ मध्ये साउथईस्टर्न परिषदेने (एसईसी) दोन नवे सभासद घेऊन अजिंक्यपदाचा स्वतंत्र सामना सुरू केला. टेक्सास परिसरातील जुनी साउथवेस्ट परिषद १९९६ मध्ये विसर्जित झाली आणि तिच्यातील चार विद्यापीठे इतर आठ विद्यापीठांसह 'बिग ट्वेल्व्ह'मध्ये गेली.

दुसरी लाट केबल वाहिन्यांमुळे आली. २००७ मध्ये बिग टेनने फॉक्सच्या भागीदारीत स्वतःची वाहिनी सुरू केली. केबलच्या व्यवस्थेत एखादी वाहिनी घराघरांत पोहोचली की ती पाहणारा आणि न पाहणारा असे दोघेही तिचे शुल्क भरतात. त्यामुळे मोठ्या शहराजवळचे विद्यापीठ गटात घेणे म्हणजे त्या शहरातील लाखो घरांचे शुल्क मिळविणे असे समीकरण झाले. २०१४ मध्ये मेरिलँड आणि रटगर्स यांना बिग टेनमध्ये मिळालेल्या प्रवेशामागे वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्क या शहरांचे आकर्षण होते, ते याच कारणाने.

तिसरी लाट सर्वांत उलथापालथ घडविणारी ठरली. २०११ च्या सुमारास ईएसपीएन ही क्रीडावाहिनी सुमारे १० कोटी घरांत पोहोचत होती. २०२३ पर्यंत ही संख्या सुमारे ७ कोटींवर आली. प्रेक्षक केबल सोडू लागल्यावर वाहिन्यांना सरसकट सर्व सामने नकोत, तर लक्षावधी लोक थेट पाहतील असे मोजकेच सामने हवे होते. परिणामी नामांकित संघांची किंमत वाढली आणि उरलेल्यांची घटली. जुलै २०२१ मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा यांनी एसईसीमध्ये जाण्याचा निर्णय घेतला. ठरलेल्या मुदतीआधी बाहेर पडण्यासाठी त्यांना मिळून सुमारे १० कोटी डॉलरवर पाणी सोडावे लागले. जून २०२२ मध्ये लॉस एंजेलिस येथील दोन विद्यापीठांनी (यूएससी आणि यूसीएलए) बिग टेनची वाट धरली आणि त्यानंतर दोनच महिन्यांत बिग टेनने फॉक्स, सीबीएस व एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा, ७०० कोटी डॉलरहून अधिक रकमेचा करार केल्याचे वृत्त आले.

पॅसिफिक परिषदेचा पाडाव

या प्रक्रियेचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे १९१५ पासून चालत आलेली पश्चिम किनाऱ्यावरील 'पॅक-ट्वेल्व्ह' परिषद. तिने २०१२ मध्ये बाहेरचा भागीदार न घेता स्वतःची वाहिनी काढली. परंतु मोठ्या वितरकाच्या जाळ्यात ती पोहोचू शकली नाही आणि अपेक्षित उत्पन्न मिळाले नाही. २०२४ मध्ये संपणाऱ्या कराराच्या जागी नवा करार शोधताना २०२३ च्या उन्हाळ्यात परिषदेच्या हाती उरला तो मुख्यतः ॲपलच्या स्ट्रीमिंग सेवेचा, ग्राहकसंख्येवर अवलंबून असणारा प्रस्ताव. ४ ऑगस्ट २०२३ या एकाच दिवशी पाच विद्यापीठांनी परिषद सोडण्याचे जाहीर केले. ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे, तर ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्हकडे गेले. स्टॅनफर्ड आणि बर्कली यांनी तर अटलांटिक किनाऱ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिषदेत, तेही कमी वाटा पत्करून, प्रवेश घेतला.

मागे राहिली ती ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोन सार्वजनिक विद्यापीठे. त्यांच्या अध्यापनात वा संशोधनात काही उणीव निर्माण झाली होती असे नव्हे. त्यांची गावे लहान होती आणि त्या भागातील केबल ग्राहक थोडे होते, एवढाच त्यांचा दोष. परिषदेच्या मालमत्तेवरील नियंत्रण त्यांनी न्यायालयात लढून मिळविले आणि नवे सभासद जमवून २०२६ पासूनच्या पुनर्उभारणीची तयारी केली. मात्र ज्या शेजाऱ्यांशी पिढ्यान्‌पिढ्या स्पर्धा होती, त्यांच्याशी असलेले परिषदेचे नाते संपले.

प्रशिक्षकांची बाजारपेठ

दूरचित्रवाणीचा पैसा विद्यापीठात आल्यावर तो कोठे जातो, हे पाहिल्याशिवाय प्रशिक्षकांची वेतने समजत नाहीत. विद्यापीठाचा क्रीडा विभाग ही नफा वाटणारी कंपनी नाही, त्यामुळे भागधारक नाहीत. २०२५ पर्यंत विद्यापीठाला खेळाडूंना थेट उत्पन्नाचा वाटा देता येत नव्हता. म्हणजे वाढत्या उत्पन्नाला दोन मुख्य वाटा बंद होत्या. उरल्या त्या इमारती, प्रशासन आणि प्रशिक्षक. म्हणूनच अनेक राज्यांत सर्वाधिक वेतन घेणारा सार्वजनिक कर्मचारी हा राज्यपाल वा कुलगुरू नसून फुटबॉलचा प्रशिक्षक असतो.

प्रतिस्पर्ध्याने प्रशिक्षक पळवू नये म्हणून विद्यापीठे दीर्घ मुदतीचे व हमीचे करार करतात. संघ हरू लागला की हाच करार गळ्यातील फास होतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने जिम्बो फिशर यांना दूर केले, तेव्हा त्यांना देय असलेली रक्कम ७ कोटी ६० लाख डॉलरच्या आसपास होती. त्यांनी अन्यत्र नोकरी धरली तरी ती कमी होण्याची तरतूद करारात नव्हती. याउलट ऑक्टोबर २०२५ मध्ये पेन स्टेटने जेम्स फ्रँकलिन यांना काढले तेव्हा सुमारे ४ कोटी ९० लाख डॉलरचे दायित्व दिसत होते. ते व्हर्जिनिया टेकमध्ये रुजू झाल्यावर तडजोडीने ते बरेच खाली आले. कराराच्या एका कलमाने केवढा फरक पडतो, हे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

पुनर्रचना आणि प्रशिक्षकांची अदलाबदल या दोन स्वतंत्र घटना नाहीत. ऑरेगन स्टेट मागे पडल्याचे स्पष्ट होताच तेथील प्रशिक्षक आणि त्याच विद्यापीठाचे माजी खेळाडू जोनाथन स्मिथ नोव्हेंबर २०२३ मध्ये बिग टेनमधील मिशिगन स्टेटकडे गेले. दोनच हंगामांनी, २०२५ मध्ये, त्या विद्यापीठानेही त्यांना दूर केले. जानेवारी २०२४ मध्ये अलाबामाचे निक सेबन निवृत्त झाले तेव्हा नुकताच राष्ट्रीय अंतिम सामना खेळलेल्या वॉशिंग्टनचे केलन डीबोअर यांना अलाबामाने बोलावून घेतले. ३० नोव्हेंबर २०२५ रोजी लेन किफिन यांनी मिसिसिपीचा संघ राष्ट्रीय बाद फेरीच्या उंबरठ्यावर असताना त्याच परिषदेतील लुईझियाना स्टेटची नोकरी स्वीकारली. वरचा एक दगड हलला की खालचे अनेक घसरतात, तशी ही साखळी असते. प्रशिक्षक गेला की त्याचे सहायक जातात आणि त्याच्या भरवशावर आलेले खेळाडूही विद्यापीठ बदलतात.

विद्यार्थी खेळाडू : उशिरा मिळालेला वाटा

ज्यांच्या श्रमावर हा डोलारा उभा होता त्यांचा विचार न्यायालयामार्फतच झाला. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एनसीएएच्या विरुद्ध एकमताने निकाल दिला. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीनुसार माजी खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर द्यावयाचे ठरले. तसेच २०२५-२६ या वर्षात प्रत्येक विद्यापीठास सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम खेळाडूंना वाटण्याची परवानगी मिळाली.

परंतु या वाटपाने दुसरा प्रश्न सुटत नाही. फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकदाच, बहुधा शनिवारी, आणि खास विमानाने जाऊन खेळतो. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल यांसारख्या खेळांचे संघ अधिक सामने खेळतात आणि तेही अध्ययनाच्या दिवसांत. लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीस जाणे म्हणजे जवळपास ४,००० किलोमीटरचा प्रवास. ज्या करारात त्यांच्या खेळाला फारसे मूल्य नाही, त्या कराराचा भार या विद्यार्थ्यांच्या वेळापत्रकावर पडतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाला याची जाणीव झाली होती. डिसेंबर २०२२ मध्ये यूसीएलएच्या स्थलांतरास मान्यता देताना मंडळाने खेळाडूंचा आहार, मानसिक आरोग्य आणि अध्ययन साहाय्य यांवर अधिक खर्च करण्याची अट घातली आणि त्याच विद्यापीठाच्या बर्कली शाखेस भरपाई देण्याचे तत्त्व स्वीकारले. मे २०२४ मध्ये ही भरपाई वार्षिक १ कोटी डॉलर ठरली. एकाच सार्वजनिक विद्यापीठाच्या एका शाखेच्या लाभाची झळ दुसरीस बसते, याची ही जाहीर कबुलीच म्हणावी लागेल.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. १९८४ च्या निर्णयाने मक्तेदारी संपविली, पण तिच्या जागी शैक्षणिक हिताचा विचार करणारी दुसरी यंत्रणा उभी राहिली नाही. ती पोकळी वाहिन्यांच्या करारांनी भरली.

२. परिषदांची पुनर्रचना ही केवळ लोभाची कथा नाही. मागे राहण्याची भीती हे तिचे तितकेच प्रबळ कारण आहे. पॅसिफिक परिषदेतील प्रत्येक सभासदाचा निर्णय त्याच्यापुरता तर्कसंगत होता, एकत्रित परिणाम मात्र परिषदेचा नाश हा झाला.

३. प्रशिक्षकांची अवाढव्य वेतने ही व्यक्तींच्या हव्यासापेक्षा रचनेतून निर्माण झाली आहेत. पैसा येण्याची वाट रुंद आणि जाण्याच्या वाटा मोजक्या असल्या की तो त्या मोजक्या ठिकाणी साचतो.

४. या निर्णयांत अध्यापक वर्गाचे स्थान नाममात्र राहिले. एनसीएएच्या नियमांनुसार आजही प्रत्येक सभासद विद्यापीठात क्रीडाविषयक प्राध्यापक प्रतिनिधी असतो. मात्र अब्जावधींचे करार जेथे ठरतात, त्या टेबलाभोवती अध्यक्ष, परिषदांचे आयुक्त आणि वाहिन्यांचे अधिकारी बसतात.

आपल्या विद्यापीठांतील आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आजही तुटपुंज्या अनुदानावर आणि क्रीडा संचालकांच्या तळमळीवर चालतात. त्यांना प्रायोजक आणि प्रक्षेपण मिळावे ही अपेक्षा रास्त आहे. तथापि असा पैसा आलाच, तर त्याच्या वाटपाचे नियम आणि वेळापत्रक ठरविण्याचा अधिकार शैक्षणिक मंडळांनी पैसा येण्यापूर्वीच स्वतःकडे राखून ठेवावयास हवा. नंतर तो परत मिळविणे किती कठीण असते, हे प्राध्यापक प्रतिनिधींच्या नावाने सुरू झालेल्या त्या परिषदेच्या इतिहासावरून दिसून येते.