स्वाम्प: अळंबी की स्पंज?

स्वीडनमध्ये शरदात कुणी ‘स्वाम्प आणायला चाललो’ म्हणाला, तर तो टोपली घेऊन रानात अळंब्या वेचायला निघालेला असतो. तोच माणूस बेसिनपाशी उभा राहून ‘स्वाम्प कुठे गेला?’ म्हणाला, तर त्याला भांडी घासायचा स्पंज हवा असतो.

यावरून या लोकांना दोहोंतला फरकच कळत नसावा, असं वाटणं सोपं आहे. मग आपल्यालाही ‘कर’ म्हणजे हात की पालिकेचं बिल हे कळत नाही, असं म्हणावं लागेल! स्वीडिश भाषा जोडशब्दांनी काम भागवते. भांड्यांचा तो ‘डिस्कस्वाम्प’, समुद्रातला जिवंत स्पंज ‘स्वाम्पयूर’, म्हणजे स्वाम्प-प्राणी, आणि पायाच्या बोटांमधल्या चिखल्या ‘फूतस्वाम्प’.

सगळ्या स्कँडिनेव्हियात हीच तऱ्हा असेल, हाही गैरसमजच. डॅनिशमध्ये स्वीडिशसारखंच चालतं, पण नॉर्वेने वाटणी करून टाकली आहे: अळंबी आणि बुरशी ‘सॉप’, स्पंज तेवढा ‘स्वाम्प’. चिखल्याही तिथे ‘फूतसॉप’. आइसलँडमध्ये अळंबी ‘स्वेप्पुर’, स्पंज ‘स्वाम्पुर’. जाड देठाची एक चविष्ट अळंबी स्वीडन-डेन्मार्कमध्ये राजा कार्ल योहानच्या नावाने ओळखली जाते. हा राजा 1818 ते 1844 या काळात स्वीडन आणि नॉर्वे दोन्हींच्या गादीवर होता. ऑस्लोच्या मुख्य रस्त्याला नॉर्वेजियनांनी त्याचं नाव दिलं, अळंबीला मात्र नाही. तिला ते ‘स्टेइनसॉप’, म्हणजे दगडी अळंबी म्हणतात.

मूळ अर्थ अळंबी, आणि तिच्या भुसभुशीतपणावरून पुढे स्पंजला तेच नाव पडलं, अशी एक सोयीची गोष्ट रचता येते. जुने पुरावे तिला साथ देत नाहीत. चौथ्या शतकातल्या गॉथिक बायबलमध्ये क्रुसावरच्या येशूपुढे आंबेत भिजवून धरलेल्या स्पंजासाठी याच घराण्यातला शब्द आहे. उलट जुन्या इंग्रजीत ‘स्वाम’ म्हणजे अळंबी. जर्मनमध्ये ‘श्वाम’ हा स्पंज, पण बव्हेरिया आणि ऑस्ट्रियात अळंबीला लाडाने ‘श्वामर्ल’ म्हणतात; आणि घराच्या लाकडाला खाणारी बुरशी सगळीकडे ‘हाउसश्वाम’च. गंमत म्हणजे फिनिश भाषेचं कूळ अगदी वेगळं, तरी तिच्या ‘सिएनी’ला हे दोन्ही अर्थ आहेत.

राहिला जीवशास्त्राचा मुद्दा. नाव एक म्हणून स्पंज ही बुरशी ठरत नाही. तो प्राणी आहे: अंगावरच्या असंख्य छिद्रांतून पाणी आत घेतो, त्यातले बारीक अन्नकण गाळून खातो आणि वरच्या मोठ्या तोंडातून पाणी बाहेर सोडतो. अळंबी ही वनस्पतीही नाही. हरितद्रव्य नसल्याने ती स्वतःचं अन्न बनवू शकत नाही, आणि तिच्या पेशींच्या भिंतीत खेकड्याच्या कवचात असतं तेच कायटिन असतं. जनुकीय वंशावळीत बुरशीवर्ग वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळचा ठरला आहे. म्हणजे अळंबी शेजारच्या झाडापेक्षा स्पंजाच्या जवळची नातेवाईक आहे. पण हे नातं शंभर कोटी वर्षांच्या आसपास जुनं, शब्दाच्या कितीतरी आधीचं.