चिऱ्याची भिंत आणि तबकडीची सुई

धामापूरसारख्या, तळ्याच्या काठी वसलेल्या आणि समुद्राचा दमट वारा बारमाही सोसणाऱ्या गावातील जुन्या घरात ध्वनिमुद्रिकांचा एखादा शौकीन टर्नटेबल मांडू लागला, म्हणजे यंत्राखाली कोणते पाये घ्यावेत याची चौकशी तो प्रथम करतो. वस्तुतः ते यंत्र कोणत्या जमिनीवर अथवा भिंतीवर विसावणार, याचा निर्णय त्याआधी व्हावयास हवा.

हे प्रकरण इतके नाजूक असण्याचे कारण खाचेत आहे. एल.पी. तबकडीची खाच सुमारे ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याएवढी रुंद असते, आणि तानपुऱ्याचा झंकार विरत जातो तेव्हा तीत सुईचे डोलणे एका मायक्रॉनच्याही आत येते. शिवाय तबकडी कोरताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबलेले असल्यामुळे वाजविताना ते पुन्हा उचलावे लागतात. सेकंदाला १००० कंपनांच्या स्वराच्या मानाने २० कंपनांचा स्वर सुमारे नऊपट वाढविला जातो, आणि पावलांचा, पाण्याच्या पंपाचा किंवा खुद्द ध्वनिक्षेपकाचा हादरा बहुतांशी याच खालच्या पट्टीत मोडतो.

स्प्रिंगच्या पायांचा हिशेब साधा आहे. यंत्राच्या भाराने स्प्रिंग १० मिलिमीटर दबली, तर तिची स्वाभाविक आंदोलने सेकंदाला सुमारे ५ होतात आणि २० कंपनांचा हादरा, निदान कागदावर, पंधराव्या हिश्श्यावर येतो. तीच स्प्रिंग अडीच मिलिमीटरच दबली, तर आंदोलने १० वर जातात, आणि सुई व तिची भुजा यांचे स्वतःचे आंदोलनही सामान्यतः ८ ते १२ यांच्या दरम्यान असल्याने दोहोंची गाठ पडून उपायच अपाय ठरतो. म्हणून पाये विकत घेण्यापूर्वी यंत्राचे वजन, आणि ते चारही कोपऱ्यांवर कसे विभागले आहे, याची खातरजमा करावी. मोटारीच्या बाजूचा पाया अधिक दबतो, त्याखाली अधिक ताठ स्प्रिंग द्यावी आणि शेवटी तबकडीच्या चकतीवर पाणसळ ठेवून समतलता पाहावी. एडगर विलचर यांनी १९६१ साली बाजारात आणलेल्या टर्नटेबलात चकती व भुजा एकाच चौकटीवर बसवून ती चौकट स्प्रिंगांवर तोलली होती; अशा यंत्राखाली आणखी मऊ पाये घालणे बहुधा अनाठायीच होय.

परंतु लाकडी तक्तपोशीच्या माडीवर, जेथे माणूस चालला की फळ्या सावकाश खालीवर होतात, तेथे मऊ स्प्रिंग तो झोका थोपवीत नाही, कित्येकदा वाढविते. अशा ठिकाणी यंत्र खाली माजघरात आणावे, आणि चिऱ्याच्या जाड भिंतीत लोखंडी कंस घट्ट बसवून त्यांवर जाड फळी टाकावी. ही तजवीज कोणत्याही विकतच्या पायांहून श्रेष्ठ, असे माझे स्पष्ट मत आहे. भुईवर ठोस मेज मांडले तरी चालते. मात्र ध्वनिक्षेपक त्याच मेजावर कदापि ठेवू नयेत.

पदार्थांविषयी थोडक्यात सांगावयाचे, तर रबर सोयीचे खरे, पण भाराखाली ते वर्षानुवर्षे चपटे होत जाते, म्हणून अधूनमधून त्याची उंची मोजावी. नमदा आणि काथ्या पावसाळ्यात ओल धरतात व त्यांस बुरशी येते. साध्या पोलादी स्प्रिंगा खाऱ्या हवेत गंजतात, त्या मुलामा दिलेल्या किंवा स्टेनलेसच्याच घ्याव्यात. टोकदार धातूचे खिळे कंपन अडवीत नाहीत. ते यंत्रास जमिनीशी अधिकच घट्ट जोडतात.

परीक्षेस खर्च नाही. मोटार बंद ठेवून सुई स्थिर तबकडीवर टेकवावी, आवाज बेताचाच वाढवावा आणि मेजावर बोटाच्या पेराने टिचकी मारावी. ध्वनिक्षेपकातून ठोका जितका स्पष्ट येईल, तितका बंदोबस्त अपुरा. ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरखाली महागडे पाये घालून ऐकू येण्याजोगी तफावत पडते, असे मी मानत नाही. तो पैसा झिजलेली सुई वेळीच बदलण्यात खर्चावा, ही वाचकांस विनंती.