चिखल, पाणी, धूळ : एटीव्हीची घरगुती निगा

एटीव्ही ही मोटरसायकलसारखी टांग टाकून बसायची, हँडलने वळवायची आणि फुगीर, कमी हवेच्या टायरांवर चालणारी चारचाकी. तिचा जन्म अमेरिकी बाजारासाठी झाला. हिवाळ्यात दुचाकींची विक्री थंडावते, तेव्हा बर्फातही चालेल असे काहीतरी द्या, अशी तिथल्या विक्रेत्यांची होंडाकडे मागणी होती. त्यातून ओसामु ताकेउची या अभियंत्याने आखलेली ‘यूएस 90’ ही तीनचाकी 1970 साली बाजारात आली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सुझुकीने चारचाकी ‘क्वाडरनर’ आणली. तीनचाकी वळणावर उलटत आणि माणसे जखमी होत, म्हणून 1988 साली अमेरिकी ग्राहक सुरक्षा आयोग आणि उत्पादक यांच्यात न्यायालयीन तडजोड झाली आणि नव्या तीनचाकींची विक्री थांबली. आज अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियातल्या शेतांवर आणि कुरणांवर चारचाकी एटीव्ही हे रोजचे अवजार आहे. महाराष्ट्रात ती दिसते ती मुख्यतः अलिबाग-नागावसारख्या किनाऱ्यांवर, पर्यटकांना फेऱ्या मारताना. अभियांत्रिकीचे विद्यार्थी ‘बाहा एसएई इंडिया’ स्पर्धेसाठी स्वतः वेल्डिंग करून बांधतात ती गाडीही एटीव्हीच म्हणवते, पण तिला पाइपांचा पिंजरा, आसन आणि स्टिअरिंग असते. तो प्रकार वेगळा.

बहुतेक एटीव्हींचे इंजिन एक किंवा दोन सिलिंडरचे फोर-स्ट्रोक असते, त्यामुळे दुचाकीचे काम जाणणाऱ्याला ते परके वाटत नाही. खरा फरक आहे तो गाडीच्या वावरात. दुचाकी डांबरावर चालते. ही गाडी धुळीत श्वास घेते, ओढ्यात पोटापर्यंत बुडते आणि चिखलाने माखून परत येते. तिचे बहुसंख्य बिघाड याच तीन वाटांनी आत शिरतात, आणि घरच्या निगेचा क्रमही त्यावरूनच ठरवावा.

सर्वांत आधी एअर फिल्टर. इंजिनाचे आयुष्य कमी करणारी याच्याइतकी दुर्लक्षित वस्तू गाडीत दुसरी नाही. फिल्टरच्या कडेने किंवा फाटक्या फोममधून बारीक माती आत गेली की ती तेलात मिसळून पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर घासून काढते. गाडी बाहेरून नवी दिसते, पण धूर टाकू लागते, तेल पिऊ लागते आणि ताकद गमावते. फोमचा फिल्टर पेट्रोलमध्ये धुऊ नये. त्याने जोड सुटतात, शिवाय आगीचा धोका वेगळाच. रॉकेल किंवा फिल्टर क्लीनरने मळ सोडवावा, मग साबणाच्या कोमट पाण्यात दाबून दाबून धुवावा. पिळू नये, पिळला की फोम फाटतो. सावलीत पूर्ण वाळल्यावर फिल्टरचे चिकट तेल सगळीकडे सारखे मुरवावे आणि बसवताना कडेला ग्रीसचा पातळ थर द्यावा. कागदी फिल्टर मात्र धुवायचा नसतो, बदलायचा असतो. तपासणीची साधी रीत अशी : फिल्टर काढल्यावर एअर बॉक्सच्या इंजिनाकडच्या बाजूला पांढरे फडके फिरवावे. फडक्यावर माती आली तर फिल्टर कितीही स्वच्छ दिसो, तो नीट बसलेला नव्हता.

पाण्याची खूण तेलात दिसते. इंजिन ऑइल किंवा डिफरन्शियलचे गिअर ऑइल दुधाळ, चहाच्या रंगाचे झाले असेल तर आत पाणी शिरले आहे. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना हवा घेण्यासाठी बारीक नळ्या असतात. गरम झालेला डबा थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि नळीतून, नळी तुंबली असेल तर सीलच्या फटीतून, पाणी ओढले जाते. म्हणून या नळ्या मोकळ्या आणि उंचावर बांधलेल्या असाव्यात. गाडी पूर्ण बुडालीच तर सेल्फ मारून पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये ते साचलेले असताना इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. इग्निशनची वायर बाजूला बांधून ठेवून प्लग काढावा, इंजिन हळू फिरवून पाणी बाहेर पडू द्यावे, एअर बॉक्स आणि कार्बोरेटर रिकामे करावे, तेल बदलावे, इंजिन थोडा वेळ चालवून पुन्हा बदलावे. तेल स्वच्छ दिसेपर्यंत हा क्रम दोन-तीनदा करावा लागतो. समुद्रकिनाऱ्यावरच्या गाड्यांना गोड्या पाण्याने रोज धुणे अटळ आहे. मात्र प्रेशर पंपाची धार बेअरिंगवर, सीलवर, रेडिएटरच्या पात्यांवर आणि वायरिंगच्या जोडांवर धरू नये, कारण जे खारे पाणी काढायचे ते त्याच धारेने आत ढकलले जाते.

गाडी सुरू होत नाही, ही सर्वांत नेहमीची तक्रार. इथे सुटे भाग बदलत सुटणाऱ्याचे पैसे जातात आणि क्रमाने शोधणाऱ्याचे वाचतात. पहिली पाहणी फुकटची असते : किल स्विच, पेट्रोल कॉक, फ्यूज, गिअर न्यूट्रलमध्ये आहे का, ब्रेक दाबला आहे का. बऱ्याच गाड्यांत सुरक्षेसाठी या अटी पूर्ण झाल्याशिवाय सेल्फ लागतच नाही. बटण दाबल्यावर नुसता ‘टक’ आवाज आला तर बॅटरी, रिले किंवा अर्थची वायर यांत दोष असतो. मल्टिमीटर लावल्यास विश्रांतीतली चार्ज बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. ती 12 च्या आसपास असेल तर जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना आकडा साधारण 10 च्या बराच खाली कोसळत असेल तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ जास्त करंट ओढतो आहे. गाडी चालू झाल्यावर थोड्या रेसवर आकडा 14 च्या जवळ जायला हवा; नाही गेला तर चार्जिंगचा बिघाड, आणि नवी बॅटरी टाकूनही तो जाणार नाही. बॅटरी बदलण्यापूर्वी इंजिनाला आणि चासीला बोल्टने जोडलेली अर्थची वायर सोडवून, गंज घासून पुन्हा कसावी. चिखलातल्या गाड्यांत दोष कित्येकदा इथेच सापडतो.

इंजिन फिरते पण पेटत नाही, तेव्हा ठिणगी, पेट्रोल, हवा आणि कॉम्प्रेशन हाच क्रम. प्लगला करंट येतो का, हे पाहण्यासाठी स्पार्क टेस्टर वापरणे उत्तम. प्लगच बाहेर काढून इंजिनाला टेकवायचा असेल तर तो प्लगच्या भोकापासून लांब धरावा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. काढलेला प्लगही बोलतो. ओला असेल तर पेट्रोल पोहोचते पण ठिणगी नाही किंवा ओव्हरफ्लो आहे. अगदी कोरडा असेल तर पेट्रोलच येत नाही. काळा, काजळी धरलेला प्लग जादा पेट्रोल किंवा तुंबलेला फिल्टर सांगतो. पांढराफटक प्लग पेट्रोल कमी पडून इंजिन तापल्याचे सांगतो.

कार्बोरेटरच्या गाडीचा एक दोष इतका ठरलेला आहे की तो ऐकूनच ओळखता येतो : चोक ओढला की गाडी चालते, चोक सोडला की बंद पडते. याचा अर्थ पेट्रोल कमी पडते आहे. बहुतेक वेळा बारीक पायलट जेट तुंबलेला असतो, कधी कार्बोरेटर आणि इंजिन यांमधल्या रबरी बूटला चीर पडून जादा हवा शिरत असते. उभ्या राहिलेल्या गाडीतले पेट्रोल उडून जाते आणि मागे राहिलेला चिकट थर केसाएवढ्या भोकात बसतो. जेट काढून, कार्ब क्लीनर फवारून, हवेने फुंकून उजेडाकडे धरावा. भोक स्वच्छ गोल दिसले पाहिजे. तारेने किंवा सुईने टोकरू नये, भोक मोठे झाले तर तो जेट कायमचा गेला. भारतात आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि इथेनॉल हवेतली आर्द्रता शोषते. बऱ्याच एटीव्ही कंपन्यांच्या पुस्तिका 10 टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. तेव्हा पावसाळ्यात महिनाभर उभ्या ठेवायच्या गाडीचा कार्बोरेटर तळाच्या स्क्रूने रिकामा करणे हेच शहाणपणाचे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवल्यावर पंपाचा दोन-तीन सेकंद गुणगुणणारा आवाज यायला हवा. तो आला नाही तर आधी फ्यूज आणि वायरिंग तपासावे.

ठिणगी आणि पेट्रोल ठीक असूनही गाडी पेटेना तर कॉम्प्रेशन मोजावे. घरी गेज असेल तर निदानाची एक जुनी, खात्रीची युक्ती आहे : प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. मात्र अनेक इंजिनांत सेल्फ हलका व्हावा म्हणून डीकॉम्प्रेशनची सोय असते आणि गेज मुळातच कमी दाखवतो, म्हणून तुलना त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलशीच करावी. त्याआधी टॅपेट तपासणे सोपे आहे. फट कमी झाली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि गरम गाडी सुरू व्हायला त्रास देते.

दुचाकीच्या मेकॅनिकला अनोळखी वाटतो तो पट्ट्याचा गिअरबॉक्स. यात दोन पुल्या असतात, क्रँकवरची पुढची आणि गिअरबॉक्सकडची मागची. रेस वाढली की पुढच्या पुलीतली वजने बाहेर फेकली जातात, तिच्या बशा जवळ येतात आणि पट्टा वर चढतो. ऑटोमॅटिक स्कूटरमध्येही हेच तत्त्व असते, पण एटीव्हीचा पट्टा कैकपट भार ओढतो. इंजिन ओरडते पण गाडी पुढे सरकत नाही आणि रबराचा जळका वास येतो, तेव्हा पट्टा घसरतो आहे. पट्ट्याच्या डब्यात पाणी गेले असेल तर डब्याच्या तळाचा बूच काढून पाणी सोडावे, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून रेस द्यावी, म्हणजे पुलीच्या वाऱ्याने आतला ओलावा निघतो. पट्टा चकाकत असेल, एका जागी बारीक झाला असेल, चिरला असेल तर बदलावा; पुल्यांच्या बशा खडबडीत कापडाने आणि ब्रेक क्लीनरने पुसाव्यात, कारण तेलाच्या एका बोटानेही नवा पट्टा घसरतो. अर्धे पट्टे चालवण्याच्या सवयीनेच जळतात. चढ, चिखल, ओझे किंवा ट्रॉली असताना ‘लो’ गिअर टाकावा. ‘हाय’मध्ये हळू ओढत नेणे पट्ट्याला सर्वांत जाचक.

चाकांची पाहणी दहा मिनिटांत होते. गाडी जॅकवर घेऊन खाली स्टँड लावावा, नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नये. चाक वर-खाली धरून हलवले आणि लचकले तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेला. डावी-उजवीकडे लचकले तर टाय रॉड. ॲक्सलचे रबरी बूट बोटाने चाचपावेत. फाटलेला बूट लगेच बदलला तर काम ग्रीसमध्ये भागते. महिनाभर तसाच चालवला तर वळताना कट-कट आवाज करणारा अख्खा जॉइंट बदलावा लागतो. टायरमध्ये हवा साधारण 4 ते 7 पीएसआय एवढीच असते. पेट्रोल पंपावरचा गेज इतका कमी दाब धड दाखवत नाही, म्हणून कमी दाबाचा वेगळा गेज घ्यावा. दोन बाजूंच्या टायरांत एक-दोन पीएसआयचा फरकही गाडी एका बाजूला ओढतो.

बदल करण्याची हौस मोठ्या टायरांपासून सुरू होते. 25 इंची टायर काढून 27 इंची बसवले तर जमिनीपासूनची उंची वाढते फक्त एक इंच, कारण व्यासाचा अर्धाच भाग ॲक्सलखाली असतो. पण चाकाचा घेर 8 टक्के वाढतो, म्हणजे गिअरिंग तेवढे लांब होते आणि त्याचा ताण पट्टा, ॲक्सल आणि ब्रेक या सर्वांवर येतो. म्हणून टायरांबरोबर पट्ट्याच्या पुल्यांतल्या स्प्रिंग आणि वजनेही बदलावी लागतात. लिफ्ट किटने ॲक्सलचा कोन तीव्र होतो आणि बूट लवकर फाटतात. मोकळा सायलेन्सर आणि मोकळा एअर बॉक्स बसवल्यावर जेट किंवा इंजेक्शनची सेटिंग न बदलल्यास मिश्रण पातळ होऊन पिस्टन तापतो. पाण्यासाठी स्नॉर्कल लावायचा तर इंजिनाची हवा, पट्ट्याच्या डब्यात येणारी हवा आणि बाहेर जाणारी हवा या तिन्ही नळ्या वर न्याव्या लागतात. एक राहिली की बाकी दोन व्यर्थ. विंच मात्र खरोखर उपयोगी पडते. ती गाडीच्या वजनाच्या किमान दीडपट क्षमतेची असावी. भाराखाली ती शंभर अँपिअरहून अधिक ओढू शकते आणि एटीव्हीचे चार्जिंग त्याच्या निम्मेही भरून काढत नाही, म्हणून इंजिन चालू ठेवून थांबत थांबत ओढावे, वायर थेट बॅटरीवरून फ्यूज किंवा ब्रेकरमधून न्यावी.

या सगळ्यांत जपायची गोष्ट म्हणजे गाडीचा तोल. उलटलेली एटीव्ही स्वाराच्या अंगावर पडते, आणि शेतावरचे बरेच मृत्यू तसेच होतात. ऑस्ट्रेलियाने 11 ऑक्टोबर 2021 पासून नव्या सर्वसाधारण कामाच्या चारचाकी एटीव्हीवर मागच्या बाजूला संरक्षक चौकट सक्तीची केली, आणि बाजूला कलताना सुमारे 29 अंशांपर्यंत गाडी दोन चाकांवर येता कामा नये अशीही अट घातली. लिफ्ट आणि उंच टायर हा कोन कमी करतात, स्पेसरने रुंदी वाढवली तर तो थोडा परत मिळतो, पण स्पेसरचा सगळा भार बेअरिंगवर जातो. एका वेळी एकच बदल करावा, सपाटीवर चालवून पाहावा आणि पहिल्या फेरीनंतर चाकांचे, सस्पेन्शनचे आणि ॲक्सलचे नट टॉर्क रेंचने पुस्तिकेतल्या आकड्याला पुन्हा कसावेत.