‘कामास आले’

जुन्या मराठी पत्रांचा तास घेताना दोन शब्दप्रयोग मला हटकून थांबवितात. लढाईत एखादा मेला, की आपले पूर्वज ‘कामास आला’ असे लिहीत. पुष्कळ मेले, की ‘माणूस खर्ची पडले’. मुलांना ह्याची गंमत वाटते. मला मात्र त्या जमाखर्चाच्या भाषेमागे घरे दिसू लागतात.

आम्हां सालवडकरांना त्यासाठी लांब जावे लागत नाही. बोईसरचे कारखाने मागे टाकून समुद्राकडे निघाले, की तारापूरचा किल्ला येतो. आज तारापूर म्हटले की लोकांना अणुवीज केंद्र आठवते. पण १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेने ह्याच किल्ल्याचा तट सुरुंगांनी उडविला. धर्मच्छळाने गांजलेल्या रयतेची ती सोडवणूक होती; मोहीम न्यायाची होती, ह्याविषयी माझ्या मनात किंतु नाही. आतले फिरंगीही शर्थीने लढले. २४ जानेवारीला किल्ला हाती आला, आणि त्याच झुंजीत पेशव्यांचा जिवलग सरदार बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडला.

विजयाची पत्रे लिहिणे सोपे. पण त्याच्या आईलाही पेशव्यांकडून सांत्वनाचे पत्र गेले. फौजांचे हिशेब मांडणाऱ्या लेखणीला तेव्हा काय यातना झाल्या असतील! आईला का ‘खर्ची पडला’ म्हणून कळवायचे?

तरी बाजी भिवराव सरदार होता. पुढे मे महिन्यात वसई पडली, तोवर तिथे मराठ्यांची मेलेली नि जखमी मिळून पाच हजारांच्या घरात माणसे गेली होती. त्या मावळ्यांच्या, भोयांच्या, सुरुंग खणणाऱ्या बेलदारांच्या घरी कोण पत्र धाडणार? गावचा एखादा सोबती परत आला, तर त्याच्या तोंडून कळायचे. तोही परतला नाही, तर बायकोने कुंकू ठेवायचे की पुसायचे? पानिपतानंतर खुद्द भाऊसाहेबांच्या पार्वतीबाईंनी वर्षानुवर्षे वैधव्य मानले नाही. शनिवारवाड्यात ही तऱ्हा, तर खोपटातल्या बाईचे काय झाले असेल, वाचकहो, आपणच ताडावे.

वसई सोडायला फिरंग्यांना आठ दिवसांची मुदत मिळाली. पिढ्यान्‌पिढ्या इथे वाढलेली त्यांची कुटुंबेही चीजवस्तू गोळा करून गलबतांत बसली.

जिंकणाऱ्यांनी त्यांच्या चर्चमधल्या घंटा आणून देवळांत टांगल्या. भीमाशंकरला अशी एक घंटा आहे, वाईजवळ मेणवलीलाही आहे. अप्पांच्या नवसाचे वज्रेश्वरीचे देऊळ उभे राहिले. यात्रेकरू जातात, घंटेचा टोल देतात, आणि जवळच्या पोराला सांगतात, “ही वसईची हं!”