गड उतरताना मांड्या का थरथरतात?

वेल्हे गावातून तोरण्याकडे मान वर करून पाहिले, की पहिली धास्ती वाटते ती चढणीची. समुद्रसपाटीपासून १४०३ मीटर उंचीचा हा गड! छाती धपापते, घामाच्या धारा लागतात. पण एकदा बिनी दरवाज्यातून आत शिरलो, की आपण म्हणतो, 'झाले, आता उतरणे काय, सोपेच!' आणि नेमक्या त्या सोप्या वाटेवर मांड्या थरथरू लागतात, पाय घसरतो, घोटा मुरगळतो. दुसऱ्या दिवशी शाळेचा जिना उतरताना कठडा धरावा लागतो. दम लागला चढताना, मग दुखणे उतरण्याचे का?

एक लहानसा प्रयोग करा. खुर्चीकडे पाठ करून उभे राहा. दोन्ही तळहात मांड्यांवर पुढच्या बाजूस ठेवा आणि दहा अंक मोजत अगदी सावकाश खाली बसा. हाताखालचे स्नायू घट्ट झालेले जाणवतील. उठताना हेच स्नायू आखूड होऊन गुडघा सरळ करतात. बसताना मात्र ते लांबत असतात, आणि तरीही जोर लावत असतात. शरीर धपकन खाली पडू नये म्हणून ते ब्रेकचे काम करतात. गड उतरताना प्रत्येक पावलाला हाच ब्रेक लागतो.

हा ब्रेक किती मोठा? तुमचे वजन ४० किलो असेल आणि तुम्ही ६०० मीटर उंची उतरलात, तर सुमारे २ लाख ३५ हजार जूल ऊर्जा वाटेत जिरवावी लागते. मोटारीच्या ब्रेकप्रमाणे तिचा बराचसा भाग उष्णतेत जातो.

१९५२ मध्ये लंडनमध्ये ॲबट, बिगलंड आणि रिची या शास्त्रज्ञांनी एक मजेदार प्रयोग केला. दोन स्थिर सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने पायडल पुढे मारायचे, दुसऱ्याने त्याला नुसता विरोध करायचा. अंगाने लहान असलेल्या ब्रेंडा बिगलंड विरोध करीत आरामात बसल्या आणि धिप्पाड रिची मात्र दमून गेले! लांबणाऱ्या स्नायूला तेवढ्याच जोरासाठी प्राणवायू फार कमी लागतो. म्हणूनच उतरताना दम लागत नाही.

पण या काटकसरीची किंमत द्यावी लागते. अशा कामात स्नायूचे थोडेच तंतू भाग घेतात, त्यामुळे प्रत्येक तंतूवर जास्त ताण येतो. सवय नसेल तर त्यांना सूक्ष्म इजा होते. दुखणे लगेच नव्हे, तर एक ते तीन दिवसांत वाढते आणि आपोआप ओसरते. हे दुखणे साचलेल्या लॅक्टिक आम्लाचे, असे अनेकजण सांगतात, पण ते खरे नाही. १९८३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत सपाटीवर धावणाऱ्यांच्या रक्तात हे आम्ल वाढले, पण पाय दुखले नाहीत. उतारावर धावणाऱ्यांत ते वाढले नाही, तरी पाय दुखले.

मौज अशी, की एकदा असा ताण सोसलेला स्नायू पुढच्या वेळी बराच कमी दुखतो. गडावर ताक-सरबत विकणारी पायथ्याची माणसे रोज उतरतात, म्हणून त्यांना काही वाटत नाही. तेव्हा तोरणा किंवा राजगडाच्या सहलीआधी आठवडाभर एखादी टेकडी किंवा जिना सावकाश चढून उतरा.

उतरण्याचेही एक तंत्र आहे. बुटांच्या नाड्या घट्ट बांधा. पावले लहान टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा. मुरूम सुटलेल्या वाटेवर मागे रेलू नका. शरीराचा भार पावलांवर असू द्या. हातात काठी घ्या. उभ्या कातळावर, कातळाकडे तोंड करून उतरा. आणि धावण्याची शर्यत मुळीच लावू नका.

इतके करूनही घोटा मुरगळला तर? तेथेच बसा. सूज उतरेपर्यंत तेल चोळू नका, शेकू नका. त्याने सूज वाढू शकते. थंड पाण्यात भिजवलेले फडके ठेवा. बर्फ मिळाला तर कापडात गुंडाळून पंधरा मिनिटे लावा. इलॅस्टिक बँडेज बांधा, पण बोटे गार किंवा बधिर झाली तर ते सैल करा. पाय उंच ठेवा. त्या पायावर चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याचे हाड दाबल्यावर फार दुखत असेल, तर हाड मोडले असण्याची शक्यता असते. मग चालवू नका. १०८ क्रमांकावर मदत मागवा आणि एक्स-रे काढून घ्या. सहलीनंतर लघवी काळपट चहासारखी झाली, तर लगेच डॉक्टरांकडे जा.

माथ्यावर पोहोचलात म्हणजे सहल निम्मीच झाली. उरलेल्या निम्म्यासाठी थोडे पाणी, थोडा उजेड आणि पायांत थोडी ताकद राखून ठेवा.