मोठा बास मासा आणि सरकतें आमिष

शेतकऱ्यांच्या मासिकांत मासे धरण्याच्या गळाची हकीकत कशाला, असें कित्येक वाचकांस वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्यानें आपल्या रानांत शेततळें खोदलें, त्यानें एक नवें पाणी निर्माण केलें. आणि पाणी झालें म्हणजे त्यांत कोणता मासा सोडावा हा प्रश्न पाठोपाठ आलाच. या प्रश्नाचा विचार करणारास अमेरिका व जपान या दोन देशांतील एका माशाची हकीकत फार उपयोगी पडेल, असें आम्हांस वाटतें. तो मासा धरण्यासाठीं तेथील लोक जें आमिष वापरतात, त्याच्या घडणींतच या हकीकतीचें सार आहे. त्यासाठीं प्रथम माशाची ओळख करून घेऊं.

या माशास लार्जमाउथ बास, म्हणजे मोठ्या तोंडाचा बास, असें म्हणतात. तो मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व व मध्य भागांतील गोड्या पाण्यांतला. अंग हिरवट, कुशीवर काळसर पट्टा, आणि जबडा एवढा कीं तोंड मिटलें असतांही त्याची कड डोळ्याच्या मागें जाते. आपल्याकडील मरळ जसा पाणगवतांत दबा धरून बसतो आणि भक्ष्य टप्प्यांत येतांच झडप घालतो, तशीच बासची रीत आहे. त्यानें तोंड एकदम उघडलें कीं पाण्याच्या ओढीबरोबर भक्ष्य आंत खेंचलें जातें. नर घरट्याची व अंड्यांची राखण करितो. मादी त्याहून पुष्कळ मोठी होते, आणि विक्रमी वजनाचे म्हणून जे बास सांपडतात त्या बहुतेक माद्याच असतात. तीन-चार पौंडांचा बास तेथें चांगला समजतात. दहा पौंडांचा बास कित्येक शोकिनांस जन्मभरांत लाभत नाहीं.

या माशाच्या वजनाचा जो विक्रम आहे, तो एका शेतकऱ्याच्या नांवावर आहे, हें वाचून आमच्या वाचकांस कौतुक वाटेल. ता. २ जून १९३२ रोजीं जॉर्जिया संस्थानांतील माँटगोमेरी सरोवरावर जॉर्ज पेरी नांवाचा विशीचा तरुण मित्रासह गेला. पावसानें शेत इतकें भिजलें होतें कीं त्यांत काम करतां येईना, म्हणून तो दिवस त्यानें मासे धरण्यांत घालविला, असें सांगतात. त्याच्यापाशीं क्रीक चब कंपनीचें एक लांकडी आमिष होतें. त्यास लागलेला बास २२ पौंड ४ औंस, म्हणजे सुमारें १०.०९ किलो भरला. त्याची लांबी साडेबत्तीस इंच व घेर साडेअठ्ठावीस इंच होता. वजन रीतसर झालें, एका मासिकाच्या स्पर्धेंत नोंद झाली आणि पंचाहत्तर डॉलरांच्या सामानाचें बक्षीस मिळालें. मासा मात्र घरच्या मंडळींनीं शिजवून खाल्ला. मासा गेला, नोंद राहिली. आणि त्या नोंदीच्या बळावर पेरीचें नांव आज नव्वद वर्षांहून अधिक काळ टिकून आहे.

पेरीचा विक्रम मोडावा अशी इच्छा धरणारांचें लक्ष पुढें देशाच्या दुसऱ्या टोकास, कॅलिफोर्नियाकडे वळलें. तेथील दक्षिण भागांत पाऊस थोडा, म्हणून शहरांच्या पाण्यासाठीं बांधलेलीं मोठमोठीं जलाशयें आहेत. १९५९ सालीं सॅन डिएगो शहराच्या जलाशयांत फ्लोरिडाकडील बास आणून सोडण्यांत आले. हें वाण साध्या बासपेक्षां अधिक मोठें होणारें आहे, आणि अलीकडे शास्त्रज्ञ त्यास निराळीच जात मानूं लागले आहेत. त्याच जलाशयांत थंडीच्या दिवसांत हौशी लोकांना धरण्यासाठीं म्हणून ट्राऊट नांवाचे मासे हौदांत वाढवून गाड्यांनीं आणून सोडीत असतात. हे ट्राऊट दहा-बारा इंचांचे, मऊ अंगाचे, कांटे नसलेल्या पंखांचे, आणि हौदांत वाढल्यामुळें शत्रूची ओळख नसलेले. मोठ्या बासला याहून सोयीचें अन्न कोणतें? शंभर चिंगळ्यांच्या मागें धांवण्यापेक्षां एक ट्राऊट गिळून स्वस्थ बसणें त्यास परवडूं लागलें. चांगलें वाण आणि भरपूर खुराक एका ठिकाणीं आलीं कीं काय होतें, हें गाईम्हशी बाळगणारास सांगणें नलगे. कास्टाईक जलाशयांत मार्च १९९१ मध्यें बॉब क्रुपी या गृहस्थास २२.०१ पौंडांचा बास लाभला; पेरीच्या माशाहून तो सुमारें चार औंसच कमी होता. क्रुपीनें तो पाण्यांत परत सोडून दिला.

आतां आमिषाकडे वळूं. या जलाशयांवर नित्य जाणाऱ्या लोकांच्या ध्यानांत आलें कीं चिमुकल्या आमिषांस लहान बास लागतात, मोठे सहसा लागत नाहींत. मोठा बास ज्या आकाराचें अन्न खातो त्याच आकाराचें आमिष त्याच्यापुढें गेलें पाहिजे. म्हणून त्यांनीं लांकूड कोरून, रंग देऊन, हुबेहूब ट्राऊटसारखीं आमिषें बनविलीं. अॅलन कोल या कारागिराचें आमिष त्या काळीं विशेष नांवाजलें. पोहणाऱ्या माशाची नक्कल करणाऱ्या या मोठ्या आमिषांस तिकडे स्विमबेट म्हणतात. त्यांतलाच एक प्रकार पुढें जपानी कारागिरांनीं फार नाजूकपणें सिद्धीस नेला. त्यास ग्लाइड, म्हणजे सरकतें आमिष म्हणतात. गॅन क्राफ्ट कंपनीचें जॉइंटेड क्लॉ १७८ आणि डेप्स कंपनीचें स्लाइड स्विमर २५० हीं त्यांपैकीं प्रसिद्ध आमिषें होत. नांवांतील आंकडे मिलिमीटरांत लांबी दाखवितात. म्हणजे पहिलें सात इंचांचें व दुसरें सुमारें दहा इंचांचें. गांडूळ लावून गळ टाकणाऱ्या आपल्या मंडळीस दहा इंचांचें आमिष म्हणजे कालवण करण्याजोगा मासाच वाटेल!

सरकत्या आमिषाची रचना अशी असते. लांकूड, रेझीन किंवा कठीण प्लॅस्टिक यांचा खोटा मासा दोन तुकड्यांत करितात. पुढचा तुकडा डोकें व धड यांचा, मागचा शेपटीकडचा. आणि दोहोंच्या मध्यें दाराच्या बिजागरीसारखा एकच सांधा. दोन्ही कुशी चपट्या. पोटांत शिसें अशा बेतानें घातलेलें असतें कीं आमिष पाण्यांत कलंडूं नये आणि अगदीं सावकाश बुडावें. पोटाखालीं दोन तिहेरी गळ टांगलेले असतात. दोरीस हलकी ओढ दिली कीं डोकें एका अंगास वळतें, चपटी कूस पाण्यावर रेलते आणि आमिष त्या बाजूस हातभर सरकत जातें. दोरी सैल पडली कीं मागचा तुकडा सांध्यावर फिरतो व आमिष संथ होतें; पुढच्या ओढीस तें दुसऱ्या अंगास सरकतें. याप्रमाणें त्याची वाट नागमोडी होते. अनेक सांध्यांचीं आमिषें सारखीं वळवळतात. हें वळवळत नाहीं, सरकतें. पोट भरलेला, निर्धास्त मासा जसा मंदपणें इकडून तिकडे जातो, तसें तें दिसतें, आणि मोठ्या बासला नेमकें असेंच बेसावध भक्ष्य पाहिजे असतें.

असें जड आमिष फेंकण्यास काठी सुमारें आठ फुटांची व मजबूत लागते. दोरी वीस-पंचवीस पौंड ताण सोसणारी. पाणी निवळ असावें, कारण बासनें आमिष दुरून पाहिलें पाहिजे. गढूळ पाण्यांत या साऱ्या नकलेचा उपयोग नाहीं. सकाळ, संध्याकाळ, ढगाळ हवा किंवा वाऱ्यानें पृष्ठभागावर उठलेली लहर हीं अनुकूल. पाण्यांत शिरलेल्या टेकाडांचीं टोकें, पाणगवताची कड, धक्क्यांची सावली आणि जेथें खोल पाणी एकदम उथळास भिडतें तीं ठिकाणें धुंडाळावयाचीं. सर्वांत चांगला काळ म्हणजे हिंवाळा सरतांना, माद्या अंडीं घालण्यापूर्वीं खोल पाण्यांतून कांठाकडे येऊं लागतात तो. पाणी साधारण १५ ते १८ अंश सेल्सियस झालें कीं विणीचा हंगाम सुरू होतो. त्याच्या अगोदरचे कांहीं आठवडे मादी भुकेली व वजनदार असते.

रिळाचा दांडा अर्धा फेरा फिरवावा, क्षणभर थांबावें, पुन्हां अर्धा फेरा फिरवावा, असा ठेका धरावा लागतो. पुष्कळदां आमिषाच्या मागून एक काळी सावली येते आणि हातभर अंतर राखून चालत राहते. नवखा मनुष्य येथें घाबरून आमिष थांबवितो. मासा तें न्याहाळतो आणि निघून जातो. जाणता मनुष्य रिळास दोन झटपट हिसके देतो. त्यानें आमिष भ्याल्यासारखें पुढें उसळतें आणि गर्रकन वळून बासच्या समोर तोंड करितें. पळूं पाहणारें भक्ष्य सोडवत नाहीं, आणि मासा तोंड टाकतो. नाहींच टाकलें, तरी त्याचें ठाणें कोठें आहे हें कळलें. दुसऱ्या वेळीं तेथेंच येतां येतें. या धंद्यास चिकाटी मात्र दांडगी पाहिजे. लहान आमिषानें दिवसांत वीस लहान मासे लाभतील. याला एक लाभेल, आणि बहुतेक दिवशीं एकही नाहीं.

लाभलेल्या मोठ्या माशाचें काय करावें, याविषयीं तेथील चाल आमच्या वाचकांस मनन करण्यासारखी आहे. जबड्यास धरून जड मासा नुसता लोंबकळत ठेवीत नाहींत, त्यानें जबडा दुखावतो; दुसरा ओला हात पोटाखालीं देतात, वजन करितात आणि त्वरेनें पाण्यांत सोडतात. टेक्सस संस्थानाच्या खात्यानें १९८६ पासून याहीपुढें पाऊल टाकलें आहे. तेरा पौंडांवरचा बास ज्यास लाभेल, त्यानें तो जिवंत खात्याकडे उसना द्यावा. खातें त्याच्यापासून पिलें काढून तीं जलाशयांत सोडतें. कणसांतलें भरदार कणीस बियाण्यासाठीं बाजूस काढणारा शेतकरी जें करितो, तेंच हें आहे.

येथवर वाचून हा मासा आपल्याकडेही आणावा असें कोणास वाटल्यास नवल नाहीं. जपानांत असेंच वाटलें होतें. १९२५ सालीं आकाबोशी तेत्सुमा या गृहस्थांनीं अमेरिकेंतून बास आणून आशी सरोवरांत सोडले. १९६० सालीं युवराज अकिहितो अमेरिकेस गेले असतां शिकागोच्या नगराध्यक्षांनीं त्यांस ब्ल्यूगिल नांवाचे मासे भेट दिले. ते खाद्य म्हणून वाढवावे या हेतूनें सरकारी संशोधनसंस्थेकडे देण्यांत आले. हे दोन्ही परके मासे कालांतरानें जपानांतील सर्वांत मोठ्या बिवा सरोवरांत पोंचले. त्या सरोवरांत जगांत अन्यत्र नसलेल्या साठांहून अधिक जाती आहेत. तेथील निगोरोबुना नांवाचा मासा भातांत आंबवून जें पक्वान्न करितात, तें त्या प्रांतांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलें आहे. बास मोठे मासे खाऊं लागला, ब्ल्यूगिल अंडीं व पिलें खाऊं लागला. कांठचें बोरूचें रानही कमी झालें होतें. आणि कोळ्यांच्या जाळ्यांत घरचे मासे दिवसेंदिवस कमी येऊं लागले.

याच सरोवरांत ता. २ जुलै २००९ रोजीं मानाबू कुरिता यांस १०.१२ किलोंचा बास लाभला. आमिष काय होतें? जिवंत ब्ल्यूगिल! पेरीच्या माशाहून वजन किंचित्‌ अधिक होतें. परंतु नवा विक्रम होण्यास दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून दोघांची बरोबरी ठरली. हा विक्रम एका परक्या माशानें दुसरा परका मासा खाऊन केलेला होता. त्यापूर्वींच, २००३ पासून, शिगा प्रांतानें बिवांत धरलेले बास व ब्ल्यूगिल पुन्हां पाण्यांत सोडण्यास मनाई केली असून ते टाकण्यासाठीं कांठावर पेट्या ठेविल्या आहेत. २००५ पासून हे मासे जिवंत पाळणें, नेणें वा अन्यत्र सोडणें देशभर कायद्यानें मना आहे. आणि २००७ सालीं त्याच प्रांतांतील समारंभांत सम्राट्‌ अकिहितो यांनीं, आपण आणलेल्या ब्ल्यूगिलमुळें झालेल्या परिणामाविषयीं जाहीरपणें दुःख प्रकट केलें. टेक्ससमध्यें जो मासा सोडून देणें हा सद्गुण, तोच बिवाच्या कांठीं सोडून देणें हा गुन्हा. मासा तोच आहे. पाणी व त्या पाण्यांतलें अन्न निराळें आहे.

आपणांसही हा अनुभव अगदींच नवा नाहीं. १९५२ सालीं भारतांत आणिलेला तिलापी आज चिलापी या नांवानें उजनीच्या जलाशयांत किती पसरला आहे, हें भीमाकांठच्या वाचकांस ठाऊकच आहे. आफ्रिकेकडील मांगूर पाळण्यास बंदी आहे, तरी चोरून पाळणारे सांपडतात. शेततळें आपल्या मालकीचें खरें, पण पावसाळ्यांत सांडव्यावरून गेलेलें पाणी ओढ्यास, ओढा नदीस, आणि नदी धरणास मिळते. त्याबरोबर गेलेलें एक बोटुकलेंही परत आणतां येत नाहीं. तळ्यांतलें पाणी उपसतां येईल, धरणांतला मासा उपसतां येणार नाहीं.

यास्तव आमची विनंती इतकीच कीं शेततळ्यांत कटला, रोहू व मृगळ हे आपले मासे सोडावे. कटला वरच्या थरांत, रोहू मधल्यांत व मृगळ तळाशीं चरतो, त्यामुळें एकाच पाण्यांतून तीन पिकें निघाल्यासारखें होतें. बोटुकलीं खात्रीच्या बीजकेंद्रांतून घ्यावीं, सांडव्यास बारीक जाळी बसवावी, आणि कोणीं झपाट्यानें वाढणारें अनोळखी बीं स्वस्तांत देऊं केल्यास त्यास प्रथम एवढेंच विचारावें: हा मासा खातो काय? कास्टाईकच्या कारागिरांनीं याच प्रश्नाचें उत्तर शोधून आपलें आमिष घडविलें. आपण तें उत्तर मिळवून आपलें तळें राखावें.